सौंसर : एका नावाचा विस्तार

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-संमेलनाच्या निमित्ताने आम्ही नागपुरास गेलो असता, भोजनाच्या पंक्तीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आमचे गाव विचारले. 'सौंसर' हे उत्तर ऐकताच ते हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "सौंसर! म्हणजे आपण शंभर कोटी वर्षांच्या गावचे!" गृहस्थांस ऐकू कमी येत असावे, असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु दोष त्यांच्या कानांचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. ते भूविज्ञानाचे अध्यापक होते. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना त्यांनी 'सौसर माला' शिकविली होती, पण सौंसर हे गाव एकदाही पाहिले नव्हते. उलट आम्ही सौंसरात जन्म काढला आणि 'सौसर माला' हे शब्द त्या पंक्तीत प्रथम ऐकले. एकच नाव दोघे जण आयुष्यभर वापरीत आलो होतो, आणि एकाच्या अर्थाची दुसऱ्यास वार्ता नव्हती.

इतिहास हा आमच्या अध्यापनाचा विषय. दगडाशी आमचा संबंध किल्ल्याच्या तटापुरता किंवा शिलालेखापुरता. तथापि त्या दिवसापासून हे नाव कोठे कोठे व कोणत्या अर्थाने वापरले जाते, ह्याची आम्हांस चुटपुट लागून राहिली. शोध घेता असे दिसून आले की, ज्याने ज्याने हे नाव उचलले त्याने आपल्या कामापुरता त्यात निराळा अर्थ भरला आहे, आणि ह्या अर्थांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत हे पाहू जाता आमच्या ह्या सीमेवरच्या मराठी मुलखाचाच इतिहास हाती येऊ लागला.

नावाच्या उच्चारापासूनच घोळ आहे. आपल्याकडे कोणी 'सौंसर' म्हणतो, कोणी 'सौसर'. इंग्रजी लेखनातही ते कोठे अनुस्वारासह, तर कोठे त्यावाचून आढळते. इंग्रजी अक्षरांवरून वाचणारा परप्रांतीय त्याचा उच्चार 'सॉसर' असा करतो, आणि मग वर्गातली पोरे बशीची आठवण होऊन हसतात. दक्षिणेस सावनेर आणि उत्तरेस सौंसर अशी दोन गावे एकाच वाटेवर असल्यामुळे आमची पत्रे तिकडे व तिकडची पत्रे आमच्याकडे येण्याचा प्रसंग आम्ही एकदा नव्हे, अनेकदा अनुभवला आहे. व्युत्पत्तीच्या वाटेने वाचकांस नेण्याचा मात्र आमचा विचार नाही. गावाच्या नावात संस्कृत शब्द शोधून त्यावर पुराण रचण्याची हौस आपल्या मंडळींत पुष्कळ आहे. आम्हांस प्रयोजन आहे ते हे नाव पुढे कोठवर गेले एवढ्याशीच.

पहिला विस्तार झाला तो महसुली कारभारात. छिंदवाडा जिल्ह्याचे जुने लोक आपल्या मुलखाचे ठोकळ भाग करीत. सातपुड्याच्या पठारावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. (हा बालाघाट म्हणजे पूर्वेकडील त्या नावाचा जिल्हा नव्हे.) 'जेर' म्हणजे खाली. फारसी राजवटीतून आलेला हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याही तोंडी क्वचितच ऐकू येतो. देवगडच्या गोंड राजांचा अंमल ह्या भागावर होता. त्याच घराण्यातील बख्त बुलंदाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले, आणि पुढे सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली. घाटाखालचा मुलूख आणि नागपूरचे मैदान ह्यांमध्ये निसर्गाची अडचण अशी काही नाही. उलट सौंसरहून उत्तरेस छिंदवाड्यास जावयाचे तर घाट चढावा लागतो. साहजिकच आपली शेती, सोयरीक, बाजार आणि बोली ही सारी नागपूरकडे वळलेली राहिली. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा ७ वा खंड १९०५ साली निघाला. त्यात 'नागपुरी' म्हणून ज्या बोलीची नोंद आहे, ती घरी बोलणाऱ्यांस आपण जिल्ह्याच्या सीमेपलीकडे राहतो ह्याची जाणीव एरवी क्वचितच होत असे.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि घाटाखालच्या ह्या टापूची तहसील होऊन तिचे ठाणे सौंसर येथे राहिले. त्या क्षणी नावाचा अर्थ पालटला. सौंसर म्हणजे एक कसबा नव्हे, तर पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना ह्या सर्वांस आपल्या पोटात घेणारा प्रदेश असा नवा अर्थ कागदावर आला. १९०७ साली रसेल ह्यांनी संपादिलेले छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या काळी पांढुर्णा ही सौंसर तहसिलीतली पेठ म्हणून ओळखली जाई. 'जेरघाट' मागे पडला. जिल्ह्यातला मराठी मुलूख कोणता, असे विचारल्यास 'सौंसर तहसील' हे दोन शब्द पुरेसे होऊ लागले. आमच्या मते ह्या नावाचा आजवरचा सर्वांत भरलेला अर्थ हाच होय. त्यात भूमी होती, भाषा होती आणि माणसेही होती.

ह्याच सुमारास नावाची दुसरी, अगदी अनपेक्षित वाढ सुरू झाली. लुई ली फर्मोर हे तरुण भूवैज्ञानिक १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. १८९० नंतर पोलादाच्या कारखान्यांसाठी मँगनीजची मागणी वाढू लागली होती. १८९६ साली मध्यप्रांतात खनिजांचा शोध घेणारी इंग्रज कंपनी उभी राहिली, आणि शतक पालटण्याच्या वेळी रामटेक-मनसरकडे खाणी सुरू झाल्या. मँगनीज आपल्या देशात कोठे आहे व ते तेथे कसे आले, हा प्रश्न फर्मोर ह्यांच्याकडे आला. १९०९ साली त्यांचा भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरचा हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सर्वेक्षणाच्या ३७ व्या खंडात प्रसिद्ध झाला. छिंदवाड्याचे काचीढाना, सीतापार, गोवारी वाढोणा अशी जी गावे तोवर पटवाऱ्याच्या दप्तराबाहेर कोणास ठाऊक नव्हती, ती त्यात आली. कणीदार, तांबूस-करड्या रंगाचा एक विशिष्ट दगड येथे वारंवार मिळतो. त्यात गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट हे दोन खनिज प्रमुख असतात. फर्मोर ह्यांनी येथील गोंड लोकांवरून त्याचे नाव 'गोंडाइट' ठेवले, आणि तेच जगभर रूढ झाले.

साहेबाने पाड्यांची व जमातींची नावे उचलली म्हणून आपण त्याचे उपकार मानावेत, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. दगडास नाव मिळाले म्हणून गोंडाच्या हाती काही पडले, असेही घडले नाही. पण नाव ठेवण्याची ही रीत समजून घेण्याजोगी आहे. खडकांचा एखादा समूह प्रथम जेथे नीट अभ्यासला गेला, त्या स्थळाचे नाव त्यास द्यावयाचे. पुढे तसाच समूह शेकडो कोस दूर आढळला, तरी नाव पहिलेच राहते. वेल्सच्या प्राचीन नावावरून 'केंब्रियन' आणि इंग्लंडातील डेव्हन परगण्यावरून 'डेव्होनियन' ही नावे निघाली, व आज चीनमधल्या खडकांसही ती लावली जातात. ह्याच न्यायाने सौंसर तहसिलीतल्या मँगनीजधारी खडकांच्या समूहास 'सौसर माला' हे नाव पडले. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नाव तहसिलीवरून पडले, कसब्यावरून नव्हे. आणि त्या तहसिलीचाही जो पश्चिम भाग, म्हणजे पांढुर्ण्याकडचा, तो लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा व काळ्या मातीचा. तेथे सौसर मालेचा खडक शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच यावयाची.

ही माला म्हणजे काय, ते आमच्यासारख्या अनभिज्ञाने सांगावयाचे तर थोडक्यात असे. अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी वाळू, चिखल, चुना आणि त्यांच्यासमवेत मँगनीज ह्यांचे थर साचले. पुढे ते खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले व घड्या पडून उभे-आडवे झाले. वाळूचा क्वार्टझाइट झाला, चिखलाचा अभ्रकी शिस्ट झाला, चुन्याचा संगमरवर झाला, आणि मँगनीजच्या थरांतून धातुक व गोंडाइट निपजले. विल्यम डिक्सन वेस्ट ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात नागपूर जिल्ह्यातील देवलापारच्या परिसरात असे दाखविले की, येथे खडकांच्या चादरीच्या चादरी मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर येऊन पडल्या आहेत. हेच वेस्ट पुढे सागर विद्यापीठात भूविज्ञानाचे अध्यापक झाले. सागरला तोपर्यंत इंग्रजीत 'सौगोर' म्हणत, तेव्हा सौगोरात बसून सौसर शिकविणाऱ्या ह्या गृहस्थांचे टपाल कोठकोठे फिरले असेल, ही कल्पना आम्हांस मोठी गमतीची वाटते.

आता ह्या मालेच्या पोटविभागांची नावे पाहा. १९६३ साली सर्वेक्षणाने ह्या पट्ट्यावर जी पुस्तिका काढली, तीत खालून वर अशी क्रमवारी आहे : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने हे सहा थर होत. आमच्या दृष्टीने ती आठवडी बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांची वाट आहे. सीतासावंगी भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे. मनसर रामटेकजवळ, तेच मनसर जेथील टेकडीवर वाकाटककालीन अवशेष उत्खननात मिळाले. चोरबावली म्हणजे जबलपूरच्या हमरस्त्यावरची चोरबाहुली. बिचुआ छिंदवाड्यात. आणि ह्या सर्वांच्या बुडाशी जो नाइस नावाचा खडक आहे, त्यास बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीचे नाव आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असे चार जिल्हे ह्या एका नावाखाली येतात.

१९६३ च्या त्या पुस्तिकेच्या शीर्षकात 'मध्यप्रदेश व महाराष्ट्राचा लगतचा भाग' असा उल्लेख आहे. तो वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. कारण सात वर्षांपूर्वी तो उल्लेख करण्याचे कारण पडले नसते. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि मँगनीजचा हा पट्टा सबंधच्या सबंध एका राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्यात गेले व १९६० च्या १ मे रोजी ते महाराष्ट्रात आले. जिल्हा हा घटक धरून वाटणी झाली. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी भाषेचा म्हणून तो मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्या पोटात असलेली मराठी सौंसर तहसीलही त्याच्याबरोबर तिकडेच राहिली. ज्यांची शेते कन्हानच्या खोऱ्यात, मुली काटोल-सावनेरास दिलेल्या, कोर्टकचेरी व कॉलेज नागपुरास, त्यांना एका सकाळी राजधानी म्हणून भोपाळकडे तोंड करावे लागले. आमच्या वडिलांच्या पिढीने ह्यावर फार बोलणे केले नाही. त्यांनी घरात मराठी व अर्जात हिंदी अशी सोय लावून घेतली, ती अद्याप चालू आहे. शाळेच्या पटावर मात्र तिचा परिणाम आम्ही दरवर्षी मोजतो. मराठी घेणाऱ्या मुलांची रांग प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांनी ओळखू येईल इतकी आखूड होत चालली आहे.

राज्यकर्त्यांनी जो पट्टा सीमेने कापला, त्यास भूविज्ञानाने एकाच नावाखाली अखंड ठेवले, आणि ते नाव नागपूरचे नसून आपले आहे. नागपूर जिल्ह्यातला खाणमजूर मनसरात जो खडक फोडतो, तो शास्त्राच्या भाषेत 'सौसर'च होय. ह्याची उलट बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि आपली संत्री बाजारात 'नागपुरी' ह्या नावाने विकली जातात. आपले फळ त्यांच्या नावाने आणि त्यांचा दगड आपल्या नावाने, असा हा न ठरविता झालेला साटेलोट्याचा व्यवहार आहे. संत्र्याच्या भावात नावाचा फायदा मिळतो. दगडाच्या बाबतीत तसे काही आढळत नाही, कारण खाणीचे बहुतेक हिशेब नागपुरातच होतात. १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीजच्या सरकारी कंपनीचे मुख्यालयही तेथेच आहे.

तज्ज्ञांच्या हाती पडल्यावर नाव एका अर्थावर थांबले नाही. 'माला' हा शब्द कालदर्शक असल्यामुळे तो टाकून पुढे 'सौसर गट' म्हणू लागले. त्या खडकांना ज्या उलथापालथीने घड्या पाडल्या, ती घटनाही 'सौसर' झाली, आणि ती ज्या पट्टीत घडली त्या पट्टीसही तेच नाव मिळाले. मागच्या पिढीचे शास्त्रज्ञ ह्या खडकांस आर्कियन म्हणजे सर्वांत पुरातन युगात घालीत. आता ते त्यानंतरच्या प्रोटेरोझोइक युगातले मानले जातात, व त्यांतील मोठी उष्णता-दाबाची घटना सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची ठरते. आमच्या पंक्तीतल्या प्राध्यापकांचा आकडा तो हाच. ह्याखेरीज वनस्पतींच्या जीवाश्मांतही आपले नाव आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या एका अश्मीभूत बीजास 'सौसरोस्पर्मम फर्मोरी' म्हणतात. 'स्पर्मम' म्हणजे बीज. पूर्वपदी तहसील आणि उत्तरपदी साहेब, अशी ही जोडी दगड झालेल्या बीवर कायमची बसली आहे. हे थर सौसर खडकांहून कितीतरी अर्वाचीन, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे एकाच नावाखाली दोन अगदी निराळे काळ नांदतात.

असे विस्तार पावलेले दुसरे नाव आपल्या शेजारीच आहे, ते म्हणजे गोंडवन. देवगड, गढामंडला, खेरला, चांदा ह्या गोंड राज्यांच्या मुलखास असलेले ते नाव १८७२ साली मेडलिकट ह्यांनी कोळशाच्या खडकांस दिले, १८७६ साली फाइस्टमांटेल ह्यांच्या लेखनातून ते छापील स्वरूपात पुढे आले, आणि १८८५ साली ऑस्ट्रियन पंडित स्यूस ह्यांनी दक्षिण गोलार्धातील एकेकाळच्या अखंड भूमीस तेच नाव दिले. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका हे सारे आज 'गोंडवना'चे तुकडे म्हणविले जातात. गोंड राजाने स्वप्नातही एवढ्या राज्याची इच्छा केली नसेल. तथापि गोंडवनात आणि सौंसरात एक फरक आहे. गोंडवन हे नाव गोंड समाजाने परत उचलले. १९९१ साली स्थापन झालेल्या राजकीय पक्षाच्या नावात ते आहे, आणि २०११ साली गडचिरोलीस निघालेल्या विद्यापीठासही तेच नाव देण्यात आले. विद्वानांनी दूर नेलेले नाव माणसांनी आपल्या अभिमानासाठी माघारी आणले. सौंसरचे तसे झालेले नाही.

नाव मिळाले की ते टिकतेच, असेही कोणी समजू नये. फर्मोर ह्यांनी सीतापारच्या खाणीतील एका काळ्या खनिजास 'सीतापाराइट' असे नाव दिले होते. काही दशके ते चालले. नंतर परीक्षणात असे ठरले की, हे खनिज अमेरिकेतील यूटा येथे आधीच सापडले असून १८९७ सालीच त्यास 'बिक्सबाइट' हे नाव दिलेले आहे. आधीचे नाव तेच खरे, हा शास्त्राचा नियम. सीतापार पुसले गेले व बिक्सबी नावाचे एक अमेरिकन खनिजसंग्राहक राहिले. नियमाबद्दल आमची तक्रार नाही, परंतु ते वाचताना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले खरे.

आपल्याकडे हाच प्रकार निराळ्या रीतीने घडला. पांढुर्णा मोठे झाले, त्याची वेगळी तहसील झाली, आणि सौंसर तहसील तेवढी आकसली. २०२३ च्या ५ ऑक्टोबर रोजी छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला व सौंसर त्यात आले. ज्या पांढुर्ण्याची ओळख पूर्वी 'सौंसर तहसिलीतले गाव' अशी होती, त्याच्याच जिल्ह्यातली सौंसर आता एक तहसील आहे. बाहेरच्या वर्तमानपत्रांस पांढुर्णा म्हटले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारच काय ती आठवते. त्या नावासही आता जिल्ह्याचा भारदस्त अर्थ येईल, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. घाटाखालचा मुलूख प्रथमच स्वतःचा जिल्हा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण 'सौंसर' ह्या शब्दात जो एक अर्थ होता, म्हणजे छिंदवाड्याच्या दक्षिणेचा सगळा मराठी प्रदेश, तो ह्या बदलात हळूच गळून पडला, आणि त्याची नोंद कोणी घेतली नाही. तो अर्थ आता शिल्लक आहे तो दगडांच्या पुस्तकांत. तेथेही पत्ता 'छिंदवाडा जिल्हा' असाच आहे आणि नव्या आवृत्त्यांत तो बदलावा लागेल.

गेल्या वर्षी खाणीत नोकरीस असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेच्या कपाटासाठी गोंडाइटचा एक तुकडा आणून दिला. तो मनसरचा होता. आम्ही कागदाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिले : 'गोंडाइट. सौसर गट. मनसर, जिल्हा नागपूर.' आठवीतला एक मुलगा ती चिठ्ठी बराच वेळ वाचीत उभा होता. मग त्याने विचारले, "सर, दगड आपल्या सौंसरचा, मग तो त्या राज्यात कसा गेला?" आम्ही त्यास सांगितले की दगड कोठे गेला नाही, तो तेथेच होता. त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भूगोलाच्या वहीत दोन्ही राज्यांचा नकाशा काढून आणला, सहाही गावे त्यावर टिंबांनी दाखविली, आणि मधली सीमा कोठून काढू, असे विचारीत तो पेन्सिल घेऊन आमच्या टेबलाशी उभा राहिला.